राखणीचा कुत्रा : विकतचा कीं आश्रयाचा?

खळ्यावर धान्य आलें कीं राखणीच्या कुत्र्याची गरज भासते. त्यासाठीं कित्येक बागाईतदार शहरांतून परदेशी जातीचें पिल्लूं मोल देऊन आणतात. आमच्या मतें ही रीत फायद्याची नाहीं व दयेचीही नाहीं.

कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो धापा टाकून शरीरांतील उष्णता बाहेर घालवितो. म्हणून दाट केसांच्या किंवा चपट्या नाकाच्या जातींस आपला उन्हाळा सोसत नाहीं. गांवठी कुत्रा आंखूड केसांचा, काटक व या हवेंत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो. त्याचीं पिल्लें उकिरड्यावर मरत असतां विकतचें कशाला आणावें?

मात्र आश्रय देणें म्हणजे केवळ भाकरीचा तुकडा टाकणें नव्हे. आई जिवंत असल्यास पिल्लूं आठ आठवड्यांपूर्वीं तोडूं नये. तीन महिन्यांचें होतांच पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी व पुढें दरवर्षीं टोंचावी. कुत्री सुमारें ६३ दिवसांत विते. तिचें निर्बीजीकरण न केल्यास एका दयेंतून चार-सहा अनाथ जीव उभे राहतात. कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं.

पाळलेल्या जनावरास उपाशी ठेवणें, आंखूड साखळीनें सदोदित जखडणें किंवा विनाकारण सोडून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. पोळ्यास बैलाला पुरणपोळी भरविणाऱ्या शेतकऱ्यास याहून अधिक सांगणें नलगे.