परागकणावरची काजळी

सुरतजवळच्या चलथाणला एकीकडे साखर कारखाना, दुसरीकडे महामार्ग 48 आणि पलसाणा-कडोदऱ्याच्या कापडगिरण्या. इथल्या हवेतली धूळ-काजळी परागकणांवरही बसते. बाभळीचे परागकण तर सुटे नसतातच. बहुधा 16 कणांचा घट्ट गोळा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागावर चिकटलेले कण दिसतात, क्ष-किरणांच्या वर्णपटावरून त्यांतले लोह, शिसे ओळखता येते. (त्या चित्रांतले रंग मात्र मागाहून भरलेले!) चिकटणे वेगळे, शोषणे वेगळे. डिझेलच्या धुरातली काही सेंद्रिय द्रव्ये परागाच्या तेलकट थरात विरघळतात. अतिनील प्रकाशात ती चमकतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक थराथराने खोली दाखवतो. खरी अडचण अशी, की परागाचे कवच स्वतःही चमकते. म्हणून आधी स्वच्छ परागाचा वर्णपट घ्यावा लागतो.