जैवसंख्याशास्त्रातील पीएचडी : आकड्याची जबाबदारी घेण्याचे शिक्षण

जबलपूर : शहराच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून ओळखले जाते. या अधिवेशनाआधी, त्या वर्षीच्या जानेवारीत, देशभरातील प्रतिनिधींनी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान केले होते. सुभाषचंद्र बोस यांना १,५८० आणि पट्टाभि सीतारामय्या यांना १,३७७ मते मिळाली. २०३ मतांचा तो फरक निर्विवाद होता, कारण प्रत्येक मत मोजले गेले होते.

याच शहरात नागपूर रस्त्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ मध्ये प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत क्षयरोग, हिवताप, सिकलसेल अशा आजारांचा आदिवासी समाजांच्या संदर्भात अभ्यास होतो. येथील संशोधकांपुढचा प्रश्न मतमोजणीसारखा नसतो. प्रत्येक पाड्यावरील प्रत्येक माणूस तपासणे शक्य नसते. काही हजार लोक तपासून लाखो लोकांविषयी विधान करावे लागते आणि त्या विधानावर औषधांचा साठा, कर्मचाऱ्यांची नेमणूक व निधी यांचा निर्णय अवलंबून असतो. अशी विधाने कशी करावीत आणि ती कितपत खरी मानावीत, हे ठरवणारे शास्त्र म्हणजे जैवसंख्याशास्त्र होय.

आरोग्यविषयक माहितीचा साठा वाढत असताना या विषयात पीएचडी करण्याकडे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा आणि काही डॉक्टरांचाही ओढा आहे. मात्र ही पदवी म्हणजे अधिक अवघड गणित किंवा संगणक प्रणाली चालवण्याचे कौशल्य, असा समज अनेकदा आढळतो. प्रत्यक्षात या पदवीचे मर्म वेगळे आहे. एखादा आकडा मांडल्यावर त्यामागची अनिश्चितता ओळखणे, ती उघडपणे सांगणे आणि तिची जबाबदारी घेणे, हे या अभ्यासाचे खरे उद्दिष्ट आहे.

एका टक्केवारीमागे काय असते?

मध्य प्रदेशाच्या उत्तरेकडील श्योपूर जिल्ह्यात सहरिया या आदिवासी समाजात जबलपूरच्या संस्थेने केलेल्या पाहणीत फुफ्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण दर लाख प्रौढांमागे सुमारे दीड हजार, म्हणजे साधारण दीड टक्का, आढळले होते. हे प्रमाण अत्यंत चिंताजनक आहे. पण असा आकडा किती लोकांच्या तपासणीतून आला, यावर त्याचे वजन ठरते.

समजा, एक हजार लोक तपासले आणि १५ रुग्ण सापडले. प्रमाण दीड टक्का निघाले, तरी खरे प्रमाण साधारण ०.८ ते २.५ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. दहा हजार लोक तपासून १५० रुग्ण सापडले, तर हाच पल्ला साधारण १.३ ते १.७ टक्क्यांवर येतो. दोन्ही पाहण्यांचा निष्कर्ष एकाच आकड्यात सांगता येईल, पण पहिल्या पाहणीवर औषधांची मागणी नोंदवणारा अधिकारी जवळपास दुपटीने चुकू शकतो.

गुंतागुंत येथेच संपत नाही. वरील हिशेब प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे निवडला आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात पाहणी पथक गावे निवडते आणि त्या गावातील बहुतेकांना तपासते. एका घरात, एका पाड्यात राहणाऱ्यांमध्ये क्षयरोग परस्परांकडून पसरतो. त्यामुळे एकाच गावातील पन्नासावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. प्रत्येक गावातून ५० जण घेतले आणि त्यांच्यातील साम्याचा गुणांक केवळ ०.०२ असला, तरी दहा हजारांच्या पाहणीचे मोल जवळपास पाच हजारांइतकेच उरते. शिवाय मजुरीसाठी बाहेरगावी गेलेले लोक पाहणीच्या दिवशी सापडत नाहीत. ते उपस्थित लोकांसारखेच निरोगी किंवा आजारी आहेत असे मानणे सोपे असते, पण ते खरे असेलच असे नाही. न सापडलेल्या माणसांचा हिशेब कसा ठेवायचा, हा या विषयातील पीएचडी प्रबंधांचा एक मोठा प्रांत आहे.

बुध ते लंडन

या क्षेत्रात मराठी माणसाची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन हे आधुनिक संख्याशास्त्राचे शिल्पकार त्या काळात तेथे कार्यरत होते. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये पीएचडी आणि १९३९ मध्ये डीएस्सी मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा पाया शुद्ध गणिताचा होता, पण पुढील आयुष्य शेती, अन्न आणि पोषण यांच्या मोजणीत गेले. भारतात नमुना पाहणीद्वारे पीक उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या. १९५१ पासून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा सांभाळली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर पुण्यात असताना त्यांनी मांडलेला विचार आजही पीएचडीच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. माणसाचा आहार आणि त्याची गरज दररोज बदलते. म्हणून सरासरी गरजेची एक रेघ ओढून तिच्याखालील प्रत्येकाला कुपोषित ठरवले, तर भुकेचा आकडा फुगतो, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह अनेकांनी या मांडणीला विरोध केला. रेघ खाली आणल्याने खरोखर उपाशी असलेली माणसे हिशेबातून वगळली जातील, अशी भीती त्यामागे होती. हा वाद वरकरणी सांख्यिकी विचरणाविषयी होता. प्रत्यक्षात तो कोट्यवधी ताटांविषयी होता. संख्याशास्त्रज्ञाने निवडलेले गृहीतक कोणाला मोजायचे आणि कोणाला नाही हे ठरवू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रयोगाची रचना आणि तिची किंमत

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग करण्यात आला. टाटा स्मृती केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या, पण चार गटांत विभागणी स्त्रियांची नव्हे, तर ५२ ग्रामसमूहांची केली गेली. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या आणि चौथ्या गटाला नेहमीची उपलब्ध सेवा अशी रचना होती. सुमारे आठ वर्षांनंतर एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर तुलनेच्या गटात ६४ मृत्यू नोंदले गेले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया असूनही विश्लेषण ५२ समूहांचा विचार करूनच करावे लागते, हे जैवसंख्याशास्त्राचे काम. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे नैतिक वादही झाला. प्रयोगाची रचना कागदावर आखणाऱ्याला त्या रचनेत कोणाच्या वाट्याला काय येणार, याचाही विचार करावा लागतो. म्हणूनच या विषयातील विद्यार्थ्याला नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचण्यांची पूर्वनोंदणी या प्रक्रिया समजून घ्याव्या लागतात. भारतात औषधचाचण्यांची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून ती बंधनकारक आहे. कोणता निष्कर्ष मुख्य मानायचा, हे आधीच जाहीर करावे लागते. त्यामुळे हाती आलेल्या माहितीतून सोयीचा आकडा नंतर शोधून काढण्याला आळा बसतो.

प्रवेश, कालावधी आणि फेलोशिप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत; राखीव व अन्य पात्र प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यालाही थेट अर्ज करता येतो. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा असून महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अतिरिक्त दोन वर्षांची सवलत मिळू शकते. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क पूर्ण करावा लागतो. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही देशपातळीवरील अट या नियमांत ठेवलेली नाही. मात्र संस्था आपले निकष लावू शकतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी करता येत नाही. अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे आणि सेवेतील डॉक्टर व अध्यापकांना तिचा उपयोग होतो.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सीएसआयआर-नेट परीक्षेतील गणितीय विज्ञान हा विषय महत्त्वाचा ठरतो. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. औषध कंपन्या आणि चाचण्यांचे विश्लेषण करणाऱ्या संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही नोकरी देतात. त्यामुळे पीएचडीची तीन ते सहा वर्षे म्हणजे पगार आणि अनुभव यांवर सोडलेले पाणी असते, हे विद्यार्थ्याने आणि त्याच्या कुटुंबाने आधीच लक्षात घ्यावे.

मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीचे एम्स, वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय, बंगळूरुची निम्हान्स आणि लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था येथे या विषयाचे अध्यापन व संशोधन होते. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातून नोंदणी करून जैवसंख्याशास्त्रातील प्रश्न निवडण्याचा मार्गही खुला आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेला पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग हे त्याचे मराठी विद्यार्थ्यांना परिचित असलेले उदाहरण.

विषय निवडताना

प्रबंधांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात नवी पद्धत विकसित केली जाते, तिचे गणिती गुणधर्म सिद्ध केले जातात आणि संगणकावर कृत्रिम माहिती तयार करून ती पारखली जाते. दुसऱ्या प्रकारात उपलब्ध पद्धतींच्या आधारे एखाद्या आजाराविषयीच्या प्रश्नाचे सखोल उत्तर शोधले जाते. पहिल्या प्रकारात संभाव्यतेच्या सिद्धांताची पक्की बैठक लागते आणि वैद्यकीय पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्याची तेथे दमछाक होते. दुसऱ्या प्रकारात रोग, उपचार आणि नोंदीची पद्धत यांची जाण लागते. गणिताच्या विद्यार्थ्याला ती रुग्णालयात आणि गावात जाऊनच मिळवावी लागते. ‘उपचार सोडले’ अशी नोंद असलेला क्षयरुग्ण बरा वाटल्याने गेला, स्थलांतरित झाला की घरीच दगावला, हे माहितीच्या तक्त्यात दिसत नाही. पण त्यावर जगण्याच्या कालावधीचे सारे विश्लेषण अवलंबून असते.

पीएचडी रखडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे माहिती हाती न येणे. मोठ्या प्रकल्पाची आकडेवारी मिळेल या भरवशावर नोंदणी होते आणि मंजुरी, मालकी व गोपनीयता यांच्या प्रश्नांत वर्षे जातात. म्हणून नोंदणीपूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टींची खातरजमा करणे हिताचे ठरते. पहिली, माहिती कोणाकडे आहे आणि ती वापरण्याची लेखी परवानगी मिळाली आहे का. दुसरी, संख्याशास्त्राच्या मार्गदर्शकाबरोबर त्या आजाराचा जाणकार सहमार्गदर्शक लाभणार आहे का. आणि तिसरी, मार्गदर्शकाच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळण्यास किती वर्षे लागली आणि ते आज कोणते काम करतात. या माहितीसाठी त्या विद्यार्थ्यांशी थेट बोलणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

संगणक प्रणाली काही महिन्यांत शिकता येतात आणि ‘आर’ सारखी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. पण ‘या माहितीवरून एवढेच सांगता येते, याहून अधिक नाही’ असे वरिष्ठ डॉक्टरला, अधिकाऱ्याला किंवा प्रायोजक कंपनीला पुराव्यानिशी सांगण्यास अभ्यास लागतो आणि धैर्यही लागते. सहरिया पाड्यावरील क्षयरुग्णाला आपण कोणत्या टक्केवारीत मोजले गेलो हे कधीच कळत नाही. त्याच्यापर्यंत औषध पोहोचणार की नाही, हे मात्र अनेकदा त्या टक्केवारीवर ठरते.