‘करायचे’ की ‘सवय आहे’?

ताईंनो, प्रदर्शनात गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतं, तेव्हा उत्तर देताना एक ‘अ‍ॅम’ सांभाळा. ‘आय यूस्ट टू मेक पापड’ म्हणजे मी पूर्वी पापड करायचे, आता करत नाही. मग ऑर्डर कोण देणार? ‘आय अ‍ॅम यूस्ट टू मेकिंग पापड’ म्हणजे मला पापड करायची सवय आहे, हात बसलाय. इथे ‘मेक’चं ‘मेकिंग’ होतं. रोजचं काम सांगायला ‘आय मेक पापड’ एवढंच पुरे.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने अशी एक जोडी म्हणायची: पूर्वी मी अंगठा लावायचे, आता सहीची सवय झालीय. ‘आय यूस्ट टू गिव्ह माय थम्बप्रिंट. नाऊ आय अ‍ॅम यूस्ट टू सायनिंग.’