फेरीचा परीघ

गेल्या आठवड्यात तुम्ही झोपायच्या खोलीबाहेर पडलात का? ओसरीत? अंगणात, किंवा गाडी लावायच्या जागेपर्यंत? आळीबाहेर? गावाबाहेर? शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश नसलेल्या १,२९४ वृद्धांना साधारण असे प्रश्न विचारले आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. ज्यांचा वावर घर आणि घराच्या आवारापुरता उरला होता, त्यांना अल्झायमर होण्याची शक्यता गावाबाहेर ये-जा करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालण्यातली अडचण, नैराश्य, मित्र-नातलगांची संख्या, हृदयविकाराचे धोके हे सगळं हिशेबात धरूनही वावराचा आणि आजाराचा संबंध टिकून राहिला.

आता सरळ शंका येते ती अशी, की माणूस बाहेर पडेनासा झाला म्हणून मेंदू मंदावला, की मेंदू आतून पोखरला जात होता म्हणून तो बाहेर पडेनासा झाला?

दुसऱ्या शक्यतेला चांगलाच आधार आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने पासष्टी ओलांडलेल्या १३९ चालकांच्या मोटारींत जीपीएस यंत्रं बसवून वर्षभर त्यांचं गाडी चालवणं नोंदवलं. यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या खुणा तपासणीत सापडल्या होत्या, पण विसरभोळेपणाचं एकही लक्षण नव्हतं. तरीही त्यांची गाडी सावकाश चालायची, रात्री कमी बाहेर पडायची आणि ठरावीक, जवळच्या ठिकाणीच जायची. म्हणजे आठवण दगा देण्याच्या आधीच फेरी आखडलेली होती. घरातले मात्र ‘आता वय झालं, बाबा फारसे कुठे जात नाहीत’ एवढंच म्हणतात.

असं का व्हावं, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, की उंदीर विशिष्ट जागी आला की विशिष्ट पेशी जागी होते. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या एन्टोरायनल भागात जागेची आखणी जाळीसारखी करणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. अल्झायमर ज्या भागांना सगळ्यात आधी गाठतो, त्यांत हा एन्टोरायनल भाग येतो. म्हणूनच अनेक रुग्णांच्या बाबतीत नातवाचं नाव विसरण्याआधी ओळखीच्या रस्त्यावर चुकणं सुरू होतं. रस्ता शोधणं आणि आठवणी साठवणं ही कामं मेंदूत एकाच घरात राहतात.

हे घर वापराने टिकतं, याचेही पुरावे आहेत. अमेरिकेत १२० वृद्धांवर केलेल्या वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्षही २०११ मध्येच प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा चालायला लावलं, हळूहळू वेळ वाढवत ४० मिनिटांपर्यंत. उरलेल्यांना अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा आकसला. लंडनचे टॅक्सीचालक तर या शास्त्राचे जुने लाडके. चेरिंग क्रॉसभोवतालचे सुमारे २५ हजार रस्ते पाठ करून परीक्षा देणाऱ्या या चालकांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. ठरलेल्या मार्गावरून जाणाऱ्या बसचालकांत तसं आढळलं नाही. तेव्हा रोज त्याच मैदानाला त्याच सात फेऱ्या मारण्यापेक्षा अधूनमधून नव्या गल्लीत शिरावं, असं मी म्हणेन. पण हा माझा तर्क, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

रस्त्यांच्या आखणीचाही वाटा दिसतो. मोबाइलवरच्या एका खेळातून ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांची दिशा शोधण्याची क्षमता तपासली गेली. चौकटीच्या वहीसारख्या आखीव शहरांत लहानाचे मोठे झालेले लोक, वाकड्यातिकड्या रस्त्यांच्या परिसरात वाढलेल्यांपेक्षा सरासरीने मागे पडले. पुण्याच्या पेठांत वाढलेल्यांना हे वाचून बरं वाटेल. वाकड्या वाटा खेड्यांतही असतात, म्हणून गाव म्हटलं की मेंदूचं भलंच, असं मात्र समजू नये. भारतातल्या मोठ्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त निघालं आहे. शिक्षणाची संधी कुणाला मिळाली, याची सावली त्यावर आहे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो जपानच्या अभ्यासाने. सुमारे ५० हजार वृद्धांच्या या पाहणीत, घराजवळ ताजी भाजी-फळं मिळणारी दुकानं कमी असलेल्यांत स्मृतिभ्रंश अधिक दिसला. भाजी आणायला जाणं म्हणजे काय काय असतं? काय संपलंय ते आठवायचं, रस्ता ओलांडायचा, मेथीची जुडी उलटून पाहायची, भाव करायचा, सुट्टे मोजायचे, वाटेत भेटलेल्या शेजारणीच्या सुनेची चौकशी करायची. दहा मिनिटांत पिशवी दारात आणून देणारं अ‍ॅप आजारपणात देवासारखं धावून येतं. पण धडधाकट आजीच्या हातून मंडईची फेरीच गेली, तर तिला दुसरं काय मिळालं, हे कुणी विचारत नाही.

आणि तिने जायचं ठरवलं तरी जायचं कुठून? भारतीय रस्ते परिषदेच्या निकषांनुसार पदपथ किमान १.८ मीटर रुंद हवा आणि रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे तो गुडघ्याएवढा उंच, मध्येच डीपी बॉक्स, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. सिग्नलचं गणित तर आणखी बोलकं आहे. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं धरून सिग्नलच्या वेळा ठरवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्यांचा वेग मोजला, तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर भरली. १५ मीटर रुंदीचा रस्ता १.२ च्या वेगाने साडेबारा सेकंदांत पार होतो, ०.८ च्या वेगाने जवळपास एकोणीस लागतात.

पलीकडचं वाचनालय, देऊळ, ज्येष्ठांचा कट्टा या सहा सेकंदांपायी सुटतो, आणि मेंदूला काही झालेलं नसताना परीघ आखडतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, असं म्हटलं आहे. स्मृतिभ्रंशाचे तज्ज्ञ महापालिकेच्या पथ विभागाच्या बैठकीला कधी बसतील, याची मी वाट पाहतोय.