विश्लेषण : पुढच्या एक्सलच्या दुरुस्तीनंतर ट्रकचे स्टिअरिंग का थरथरते? दोष पंपाचा की दुसऱ्याच कशाचा?

उसाचा गळीत हंगाम जवळ आला, की बारामती-नीरा रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुक, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर या पट्ट्यात ट्रक दुरुस्तीची लगबग सुरू होते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी अशा कारखान्यांकडे महिनोन्‌महिने ऊस ओढायचा, तर गाडीचा पुढचा भाग धड हवा. मग किंगपिन बदलले जातात, पाटे भरले जातात, टाय रॉडचे बॉल जॉइंट नवे येतात. आणि नेमक्या याच खर्चानंतर अनेकदा नवी तक्रार सुरू होते : स्टिअरिंग थरथरते. ‘पंप गेला’ असे सांगून पंप बदलला जातो. तरी थरथर जात नाही. हे का होते आणि दोष कसा शोधायचा, हे जाणून घेऊया.

थरथर नेमकी कधी होते?

निदानाची सुरुवात या प्रश्नापासून होते, कारण थरथरीचे प्रमुख प्रकार तीन आहेत. पहिला, गाडी उभी असताना किंवा अगदी हळू वळवताना स्टिअरिंग अडखळत, धक्के देत फिरते. दुसरा, ठरावीक वेगाला किंवा खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके डावी-उजवी नाचू लागतात. चालक याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. तिसरा, फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे बसतात. तिसऱ्या प्रकारात आधी ब्रेक ड्रम गोलाई सोडून घासला आहे का ते पाहावे. दुसऱ्या प्रकारात संशय एक्सल, चाके आणि टायरवर जातो. पॉवर स्टिअरिंगवर संशय घ्यावा तो मुख्यतः पहिल्या प्रकारात. आणि तिथेही पंप हा एकटा आरोपी नसतो.

पॉवर स्टिअरिंग काम कसे करते?

अमेरिकेतील पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये गाडीवर पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवले. जड गाडी वळवताना चालकाचे हात भरून येतात, हीच त्यामागची अडचण होती. प्रवासी मोटारीत ही सोय विक्रीसाठी आली ती १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये.

आजच्या बहुतेक जड ट्रकमध्ये तत्त्व तेच आहे. इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब देतो. चालकाने चाक फिरवले की स्टिअरिंग बॉक्समधील व्हॉल्व्ह तेल योग्य बाजूला सोडतो आणि तेलाचा दाब पिस्टन ढकलतो. पुढे ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंक आणि टाय रॉड यांच्यामार्फत दोन्ही चाके किंगपिनभोवती वळतात. म्हणजे साखळीचे दोन भाग आहेत : तेलाचा आणि लोखंडाचा. हाताला जाणवणारी थरथर यांपैकी कोणत्याही भागातून येऊ शकते.

दुरुस्तीनंतरच त्रास का सुरू होतो?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे घट्ट बसलेला किंगपिन. नव्या बुशला नीट रिमर मारला नाही, शिम जास्त पडली किंवा ग्रीस आतपर्यंत पोहोचले नाही, तर चाक सरकत नाही. अडते आणि मग एकदम सुटते. कोरड्या बिजागरीचे दार जसे अडकत उघडते, तसेच. प्रत्येक अडकण्याला बॉक्समधील दाब वाढतो, सुटताच उतरतो आणि ती चढउतार चालकाच्या हाताला थरथर म्हणून कळते.

दुसरे कारण तेलातील हवा. पाइप सोडला, बॉक्स उतरवला की आत हवा शिरते. तेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. त्यामुळे दाब सलग न येता झटक्यांनी येतो. तेलाची पातळी कमी असणे, टाकीतील फिल्टर तुंबणे किंवा पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप सैल राहणे यांचाही परिणाम असाच होतो.

तिसरे, जोडणीतील चुका. ड्रॉप आर्म खुणेवर बसवला नाही किंवा ड्रॅगलिंकची लांबी बदलली, तर चाके सरळ असताना बॉक्स मधोमध राहत नाही. स्टिअरिंग कॉलमचे दोन क्रॉस जॉइंट एकमेकांशी जुळवून बसवले नाहीत, तर एका फेऱ्यात स्टिअरिंग आलटून पालटून जड आणि हलके लागते. बॉक्सचे चेसिसवरील बोल्ट सैल राहिले, तर वळवताना आख्खा बॉक्सच हलतो.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना ओट लावावी. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून बॉक्स, ड्रॉप आर्म, बॉल जॉइंट आणि यू बोल्ट यांकडे पाहावे. जिथे हालचाल वाया जाते, तो सांधा लगेच डोळ्यात भरतो.

त्यानंतर इंजिन बंद करून पुढचा एक्सल उचलावा आणि स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवला तर एकाने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर तो हबच्या बेअरिंगचा. राहिला, तर किंगपिनचा.

खरा निकाल लागतो तो ड्रॅगलिंक सोडवल्यावर. आता लोखंडाचा आणि तेलाचा भाग वेगळा झाला. चाके हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावीत. ती अडत असतील तर दोष किंगपिनमध्ये किंवा टाय रॉडच्या जॉइंटमध्ये आहे. पंप बदलून काही उपयोग नाही. चाके सुरळीत फिरत असतील, तर इंजिन चालू करून स्टिअरिंग मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे थोडेसेच फिरवावे. पूर्ण टोकाला नेऊ नये. काही बॉक्समध्ये टोकाला दाब तोडणाऱ्या व्हॉल्व्हची सेटिंग त्याने बिघडते. रिकामे फिरतानाही अडखळले, तर दोष कॉलम किंवा बॉक्समध्ये. दोन्ही भाग सुरळीत असतील, तर तेलातील हवा, फिल्टर आणि गेज लावून पंपाचा दाब तपासायची वेळ येते. ड्रॅगलिंक परत जोडताना जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये.

तेलातील हवा कशी काढायची?

टाकीतील तेलावर फेस दिसला किंवा तेल दुधाळ झाले, तर आत हवा आहे. पुढची चाके उचललेलीच ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग अनेकदा सावकाश दोन्हीकडे फिरवावे आणि तेल भरत राहावे. मग इंजिन आयडलवर ठेवून हेच करावे. बुडबुडे थांबले की काम झाले. काही बॉक्सवर हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच वापरावे. स्टिअरिंग टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तेल आणि पंप दोन्ही तापतात.

वेगात चाके नाचत असतील तर?

ट्रकचा किंगपिन वरून किंचित मागे कललेला असतो, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. या कलामुळे, म्हणजे कॅस्टरमुळे, चाके आपोआप सरळ होतात. पाटे भरताना एक्सलखालची पाचर उलटी बसली, सेंटर बोल्ट खाचेत बसला नाही किंवा यू बोल्ट ढिले राहिले, तर हा कल बिघडतो. कल कमी झाला तर गाडी रस्त्यावर भरकटते, प्रमाणाबाहेर वाढला तर चाके नाचू शकतात. टाय रॉडचे काम झाल्यावर अलायनमेंट न करता गाडी हमरस्त्यावर नेणे म्हणजे टायरवर पाणी सोडणे होय.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनांना फिटनेस प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते.

चालक-मालकांनी काय लक्षात ठेवावे?

हंगामात याच रस्त्यांवर रात्री बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. भरलेल्या ट्रकचे स्टिअरिंग एक क्षण अडले, तरी सावरायला जागा उरत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी आधी रिकामी चालवून पाहावी, थोडे अंतर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत आणि थरथर जाणवली तर भरतीला लावू नये. कोणताही महागडा भाग बदलण्याआधी फिटरला एकच प्रश्न विचारावा : ‘ड्रॅगलिंक सोडून पाहिली का?’