डब्यातली पावडर आणि मुलांची हुशारी

कल्याण-डोंबिवलीहून ऑफिस गाठणाऱ्या आईची सकाळ कशी असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गॅसवर भाजी, पोळ्यांची घाई, लोकलच्या वेळेकडे डोळा. अशात मुलाने कपभर दूध संपवलं की जीव भांड्यात पडतो. त्या दुधात चमचाभर चॉकलेटी पावडर असली, तर मूल डब्यातलं काही न खाताही ‘पोषण झालं’ असं वाटतं. ठाण्यातली नोकरदार सून असो की घर सांभाळणारी गृहिणी, महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत हा डबा असतोच. जाहिरातीने सांगितलेलं असतं ना, मूल उंच, बळकट आणि हुशार होईल!

उंची-बळाचं राहू द्या, हुशारीचं काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका निवासी शाळेतल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांना सुमारे १४ महिने जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेलं पेय दिलं. दुसऱ्या गटाला तसंच, पण या घटकांशिवाय. २००६मध्ये निष्कर्ष आले. लक्ष एकाग्र करण्यात थोडा फायदा दिसला. बुद्ध्यांकात आणि शाळेच्या गुणांत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये २००८मध्ये एका नेपाळी वाहिनीवर हॉर्लिक्सची ‘उंच, बळकट, हुशार’वाली जाहिरात दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने तिला मज्जाव केला. आपल्याकडे एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही.

मग जीवनसत्त्वं-खनिजांचा मेंदूशी संबंध नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, तेव्हा लोह आणि आयोडिन कमी पडलं तर शिकण्यावर परिणाम होतो. आयोडिन आपल्याला मिठातून मिळतं. लोहाचं मात्र अवघड आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळपास ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली. ही सगळी काही उपाशी घरांतली नव्हेत बरं का!

इथेच दुधाची गंमत आहे. दुधात लोह नगण्य, आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शरीरात जायला आडकाठी करतं. दिवसभर दूधच पिणारं लहान मूल वरण-भात, भाजीला तोंड लावत नाही. गुटगुटीत दिसतं, पण रक्त कमी. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं कोष्टकही एकदा वाचाच. काही नावाजलेल्या पावडरींत १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमहून अधिक साखर वरून घातलेली असते. त्यावर आपण आणखी एक चमचा टाकतो! दोन वर्षांखालच्या मुलाला तर वरची साखर नकोच.

डबा घरात आहेच तर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाला नुसतं दूध नकोच असतं, त्याला अर्धा चमचा घालून द्या. पण तो दुधाची चव म्हणून, औषध म्हणून नव्हे. त्याच पैशांत लोह कुठून येईल ते पाहा. अळिवाची खीर किंवा लाडू, लाल माठ, चवळीची उसळ, मोड आलेली मटकी. खात असाल तर मटण, कलेजी. उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त लागू पडतं. भाजी लोखंडी कढईत करा, आजी करायची तशी. दूध जेवणाबरोबर नको, दोन तासांनी द्या. आणि मुलांना चहा नकोच, तोही लोह अडवतो.

मूल सारखं दमतं, फिकट दिसतं, माती किंवा खडू खातं, अभ्यासात मन रमत नाही? नवा डबा आणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं जवळ आहेत, नाहीतर नेहमीचे डॉक्टर आहेतच. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं ११ पेक्षा कमी आलं तर डॉक्टर सांगतील तेवढंच लोहाचं औषध द्या, मनाने नको. अंगणवाडीतून आशाताई लोहाचं सिरप देतात आणि शाळेत गुलाबी गोळ्या मिळतात, त्या घेतल्या का हेही विचारा. जंताची गोळी राहिली असेल तर तीही. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नका, लोहाच्या औषधाने तसं होतं.