अपघातात मोडलेलं हाड : प्लास्टर सुटल्यानंतरचं काय?



२३ सप्टेंबर २०२४ चा सोमवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अमरावतीहून परतवाड्यामार्गे धारणीकडे निघालेली खासगी बस सेमाडोहजवळ पुलावरून खाली कोसळली. काहींचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. मेळघाटातल्या शाळांवर जाणारे आपले शिक्षकही त्या बसमध्ये होते. अशी बातमी दोन-तीन दिवस चालते. ज्यांचा हात, पाय किंवा कंबर मोडते त्यांची गोष्ट मात्र पुढे कित्येक महिने चालू राहते, मग ती बस असो, कार असो की दुचाकी. आपण वर्गात २०६ हाडं पाठ करून घेतो, पण मोडलेलं हाड जुळतं कसं हे सांगायचं राहूनच जातं.

आधी मुलांच्या हाडांबद्दल. वाळलेली पऱ्हाटी वाकवली की कट्‌कन तुटते. निंबाची हिरवी फांदी मात्र वाकते, एका बाजूने चिरते, आरपार तुटत नाही. मोठ्या माणसाचं हाड पऱ्हाटीसारखं, लहान लेकराचं हिरव्या फांदीसारखं. म्हणून लेकराचा हात मोडूनही तो फारसा वाकडा दिसत नाही आणि घरचे म्हणतात, "बोटं हालून राह्यली ना, मंग काई नाई झालं." हा समज चुकीचा आहे. हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात. शिवाय मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा कुर्चेचा थर असतो. त्याला मार बसला आणि तो लक्षात आला नाही, तर पुढे हात-पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. सूज आणि दुखणं असेल तर एक्स-रे काढाच.

हाड जोडण्याचं काम शरीर स्वतः करतं. प्लास्टर, सळई, प्लेट ही सगळी त्याला धरून ठेवण्याची साधनं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, सूज येते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. लेकराच्या मनगटाजवळचं हाड चार ते सहा आठवड्यांत जुळतं. मोठ्या माणसाच्या मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. त्यानंतरही हाड आपला आकार महिनोन्‌महिने दुरुस्त करत राहतं.

आता रस्त्यावरची गोष्ट. अपघात झाला की लोक धावतात, आणि चार जण चार हात-पाय धरून जखमीला उचलतात. चांगल्या मनाने केलेलं हे काम घातक ठरू शकतं. मान किंवा पाठ दुखत असेल तर गाडीला आग किंवा दुसरा धोका नसेपर्यंत त्याला बसवू नका, ओढू नका. १०८ ला फोन करा. मोडलेला अवयव सरळ करायला जाऊ नका, जसा आहे तसाच बांधा. पुठ्ठा, घडी घातलेलं वर्तमानपत्र, लाकडी पट्टी, दुपट्टा, काहीही चालतं. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत, एवढंच पाहा. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका, हळद भरू नका. खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. मांडीचं हाड मोडलं तर जखम न दिसताही आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, म्हणून "बोलतो आहे ना" म्हणून थांबू नये.

मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं आणि मदतकर्त्याला संरक्षण मिळालं. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे : रस्ता अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोखरहित उपचार. दवाखान्यात तिची चौकशी जरूर करा.

प्लास्टर घातल्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात जपायचे. सूज वाढते आणि प्लास्टर तर ताणत नाही. औषध घेऊनही न थांबणारं दुखणं, बोटं सरळ करताना जीवघेणी कळ, बोटं थंड, निळी किंवा बधिर होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. काही तासांत स्नायू मरायला लागतात. बांबूच्या कामट्या आवळून बांधणाऱ्या गावठी हाडवैद्याकडे नेण्यात हाच धोका आहे, आणि वर मालिशही होते. मोडलेल्या हाडाला मालिश नको म्हणजे नको.

मुंबईत वाढलेल्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचं उदाहरण मुलांना सांगण्यासारखं आहे. १९८१ मध्ये तामिळनाडूत त्यांच्या बसला अपघात झाला. पायाला प्लास्टर घातलं, पण घोट्याजवळची एक जखम नजरेतून सुटली. ती आतल्या आत चिघळली, गँगरीन झालं आणि उजवा पाय कापावा लागला. पुढे त्या जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या, ते आपण कौतुकाने सांगतोच. पण प्लास्टरमधून दुर्गंध, ताप किंवा ओल आली तर लगेच दाखवायचं, हेही त्याच गोष्टीत आहे.

प्लास्टर निघालं की घरचे पेढे वाटतात आणि लेकरू मात्र घाबरतं. हात बारीक झालेला, कातडी सुटलेली, सांधा वाकत नाही. हे अपेक्षितच असतं. न वापरलेले स्नायू झिजतात, आणि ते भरायला व्यायामाशिवाय उपाय नाही. क्रिकेटपटू ऋषभ पंतची कार ३० डिसेंबर २०२२ ला उलटली. तो पुन्हा सामना खेळला २३ मार्च २०२४ ला. त्याची मुख्य दुखापत गुडघ्याच्या अस्थिबंधांची होती, आणि हाताशी उत्तम डॉक्टर असूनही पंधरा महिने गेले. आपल्या विद्यार्थ्याला मात्र आपण आठवड्याभरात कवायतीला उभं करतो.

खाण्यात दूध, तीळ, अंडी, वरण असावं. आणि आपल्या भागात संत्री आहेत, ती जरूर द्या; हाडाचा आतला सांगाडा कोलॅजेनचा असतो आणि तो बनायला क जीवनसत्त्व लागतं. घरातल्या मोठ्या जखमींसाठी एक कडू गोष्ट : बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, आणि खर्ऱ्यातही निकोटीन असतंच.

शाळेने काय करायचं? वर्ग तळमजल्यावर आणा, हे सगळ्यांना सुचतं. शौचालयाचं कुणाला सुचत नाही. पाय मोडलेल्या मुलीला खाली बसता येत नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. एक साधी कमोड खुर्ची मिळाली तरी प्रश्न सुटतो. लिहिता हात मोडला असेल आणि वर्ष दहावी-बारावीचं असेल, तर लेखनिकासाठी मंडळाकडे मुख्याध्यापकांमार्फत लवकर अर्ज करा. लेकरू गाडीत बसायला घाबरत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर "एवढं काय त्यात" म्हणू नका. डॉक्टरांना तेही सांगायचं असतं.

आणि पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर तिच्यातून एक लाखापर्यंतचा प्रत्यक्ष खर्च मिळू शकतो. प्रस्ताव शाळेकडूनच जातो, त्यामुळे दवाखान्याची कागदपत्रं आणि बिलं जपून ठेवायला पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.